खंड्या नऊला होता

मी तीन बोलले आणि खंड्या नऊला होता. एवढंच झालं. खाडी तशीच होती, ओहोटीचा तो सडका वास तसाच होता, लांब ऐरोलीच्या पुलावरून गाड्या सरकत होत्या, आणि सुनंदाकाकू उजवीकडे, म्हणजे तीनकडे, जिथे नुसता चिखल आणि एक तुटकी चप्पल होती, तिथे बघून बोलल्या, "दिसला गं! निळा. केवढा निळा!" पक्षी दाखवायची आमची पद्धत ही अशी आहे की समोर जे काय ठळक असेल, झाड, खांब, काहीही, त्याला घड्याळाचा मध्य धरायचा आणि मग काटा सांगायचा. वर म्हणजे बारा, खाली सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. बोट दाखवायचं नाही, बोट दाखवलं की पक्षी उडतो. आज मध्य होता चिखलात रुतलेला एक मोडका बांबू. त्याच्या डावीकडे तिवराच्या काटकीवर काळ्या टोपीचा खंड्या बसलेला, लाल चोच, पाठ अशी निळी की बघितल्यावर दात शिवशिवतात. आणि मी डोकं फिरलेलं असताना तोंडातून तीन सोडलं. रागात माझं डावं-उजवं उलटं होतं, लहानपणापासून. मी लगेच सुधारणार होते, "तीन नाही काकू, नऊ," असं जिभेवर आलेलं, तेवढ्यात त्या बोलल्या, दिसला. मी तोंड मिटलं. खंड्या खाली झेपावला, काहीतरी उचललं आणि तिवरात गेला. काकू अजून चपलेकडेच बघत होत्या, आणि हसत होत्या.

राग सकाळचा होता, आईचा. मी बूट घालत होते आणि ती शिलाई मशीनवरून मान न उचलता बोलली, "खंय चललंस गो? पुन्ना चिखल बघूक?" मी नाडी आवळली. मग ती बोलली, "त्या बायेची काठी झालंस तू. दुसरा काय नाय." मी दार असं आपटलं की शेजारची कुत्री भुंकली. काठी म्हणे. विमानात बसलेली काठी कुठे बघितलीय का तिने? आमच्या घरात कोणाकडे पासपोर्ट नव्हता. आजोबा गिरणीत, बाबा स्कूल व्हॅन चालवतात, भाऊ बारावी होऊन मोबाइलच्या दुकानात. आणि मी, दहावीतून बाहेर पडलेली, वर्गात सगळ्यांसमोर सरांनी "डावा हात कुठला तेवढं तरी सांग" असं बोलल्यावर कंपासपेटी फळ्यावर फेकून निघालेली ती परत न गेलेली, मी गेल्या वर्षी श्रीलंकेला जाऊन आले. काकूंबरोबर. आणि येत्या शनिवारी थायलंड. व्हिसा झालाय, बॅग पण भरलीय, पलंगाखाली आहे, रोज एकदा ओढून बघते.

आणि आता ही चप्पल. मी स्वतःला सांगितलं, चूक माझी आहे, त्यांना पण चुकून काहीतरी निळं दिसलं असेल, एखादी पिशवी असेल. पण तिथे निळं काहीच नव्हतं. मला सगळं दिसतं, हीच तर माझी एक गोष्ट आहे, बाकी काय येत नाही मला. चिखलात हललेला खेकडा दिसतो, आईच्या पदराला टोचून राहिलेली सुई दिसते, कोण खोटं बोलतंय ते गळ्यावरून दिसतं. काकूंचा गळा शांत होता. मग मी ते केलं. का केलं माहीत नाही, जखमेची खपली काढताना बोट आपोआप जातं ना, तसं. मी हळू आवाजात, नेहमीच्या आवाजात बोलले, "काकू, बांबूला बारा वाजता. तुतवार. शेपटी हलवतोय बघा." बाराला काही नव्हतं. पाणी होतं फक्त, करडं, सपाट. काकूंनी दुर्बीण उचलली, चाक फिरवलं, अगदी बरोबर जागी धरली आणि बोलल्या, "हो हो. गोड आहे. कसा ठुमकतोय."

मला कोणी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं, मी परत मारली असती. इथे मारणार कोणाला? पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात दुर्बीण, बँकेतून रिटायर झालेली बाई, नवरा गेल्यावर टीव्हीसमोर बसून न राहिलेली, मुलुंडच्या आख्ख्या सोसायटीत जिला सगळे थोडे घाबरतात. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या चाळीच्या भिंतीवर बसले होते आणि ही बाई पलीकडे त्यांच्या बागेत मान वर करून ताटकळलेली. मी ओरडले, "ओ काकू, तिकडे काय बघताय, तो इकडे पंपाच्या टाकीवर बसलाय!" त्या वळल्या, माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, आणि बोलल्या, "तुला इथून दिसतो? चोच कशी आहे सांग." मी सांगितली. मला आयुष्यात कोणी असं विचारलं नव्हतं की तुला काय दिसतं. सगळे विचारायचे तुला काय येतं. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर. त्यांनी मला नावं शिकवली, शेकाट्या, टिलवा, ढोकरी, आणि मी त्यांना दाखवायचे. मी दाखवायचे आणि त्या बोलायच्या, दिसला. तो शब्द. तो ऐकायला मी पहाटे उठायचे यार, मी, जी शाळेसाठी कधी उठली नाही.

रिक्षात आम्ही गप्प बसलो. म्हणजे मी गप्प, त्या बोलत होत्या, थायलंडच्या मिठागरांबद्दल. तिथे एक पक्षी येतो थंडीत, चिमणीएवढा, चोचीच्या टोकाला चमचा. जगात थोडेच उरलेत. टिलव्यांच्या थव्यात मिसळून चरतो, शेकड्यात एखादा, आणि चमचा दिसला तरच तो, नाहीतर टिलवाच. "माझा एवढा एक राहिलाय रेवती," त्या बोलल्या, शंभराव्यांदा. आधी मला हे ऐकून अंगावर काटा यायचा. आज मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात रिक्षाच्या दांडीवर आधी चाचपडला, मग बसला. हे आधी पण असंच होतं का? मी मागे जायला लागले. हॉटेलात त्या मला मेन्यू वाचायला लावतात, "मोठ्याने वाच, इंग्रजी सुधारेल." विमानतळावर पाट्या, गेटचे नंबर, सगळं मोठ्याने, इंग्रजी सुधारेल. चहा ओतताना बोट कपाच्या कडेला आतून. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसांची सवय. साली मी, जिला चिखलातला खेकडा दिसतो, तिला हे दिसलं नाही.

आणि मन्नार. ते आठवलं आणि रिक्षातून उडी मारावीशी वाटली. मन्नार म्हणजे श्रीलंकेचं वरचं टोक, सपाट, सगळीकडे पाणी आणि वारा, कानात सतत फडफड. आमचा गाइड नुवान मराठी सोडून सगळं बोलायचा. पहिल्या सकाळी लांब पाण्यावर गुलाबी पट्टा दिसला आणि मी येडी झाले, इथे आपल्या खाडीत पण येतात फ्लेमिंगो, पण तिथे कोणी ओळखीचं नव्हतं, भाषा नाही, चाळ नाही, कोणाला माहीत नाही मी दहावी नापास पण नाही, दहावी अर्धी, आणि मी दुर्बिणीतून बघत काकूंना सांगत होते, चोच गुलाबी आहे, टोक काळं, मोठा फ्लेमिंगो, नऊ वाजता त्या होडीच्या. दिसला. मग वाळूच्या दांड्यावर क्रॅब प्लोवर, काळा-पांढरा, जाड चोचीचा, खेकडा आपटून आपटून खाणारा, तो बघायलाच आम्ही गेलो होतो, तो मी नुवानच्या आधी शोधला. काकूंच्या कानाशी लागून मी सांगत होते, आता पाय तोडला काकू, आता दुसरा, आता गिळला, आणि त्या बोलल्या, दिसला, दिसला गं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं वाऱ्याने. मग वाटलं आनंदाने. त्याच दिवशी गाडीतून उतरायच्या आत नुवानला एक पक्षी दिसून गेलेला, मी बोलले आपण पण यादीत धरू ना काकू, आपण होतोच की तिथे, तर त्या केवढ्या फटकन बोलल्या, "दुसऱ्याने बघितलेला आपला नसतो. हा नियम आहे." मी तो नियम डोक्यात ठेवला. कुठलाच नियम मी एवढा पाळला नाही. आणि ही बाई. मी वाऱ्यात घसा फाडून सांगत होते ते कोणाला सांगत होते? त्या सगळ्या सकाळी मी कोणाला दाखवत होते? भिंतीला दाखवल्यासारखं वाटायला लागलं सगळं, गुलाबी पट्टा, खेकडा, सगळं, एकटीने बघितलेलं आणि एकटीचंच राहिलेलं.

सोसायटीत मिहिरदादाची गाडी उभी होती. मिहिरदादा काकूंचा मुलगा, कांदिवलीला असतो, रविवारी येतो. माझ्याशी नीट बोलतो, पण आईला एकटं सोडायच्या नावाने सारखा धसका. गेल्या रविवारी मला खाली भेटला तेव्हा दाढी खाजवत बोलला, "गणपतीपासून वाढवलीय, आईने एक शब्द काढला नाही बघ. राग आलाय बहुतेक. आमच्याकडे दाढी म्हणजे सुतक." मी हसले होते. आता ते पण आठवलं. लिफ्ट उघडी होती. आम्ही आत शिरलो. रोज मी बटण दाबते. आज नाही दाबलं. हात मागे बांधून उभी राहिले. काकू थांबल्या. मग त्यांचा हात पुढे आला, बटणांवरून वर गेला, खाली आला, आंधळ्या माशीसारखा, आणि थांबला.

"रेवती, दाब ना. काय झोपलीस?"

"काकू, खंड्या नऊला होता."

लिफ्टचं दार बंद झालं, आम्ही तळमजल्यावरच, वरचा पंखा घर्रघर्र.

"मी तीन बोलले. चुकून. तिथे चप्पल होती. आणि तुतवार नव्हताच. तो मी मुद्दाम सांगितला."

"परीक्षा घेतलीस माझी?"

"हो घेतली! नापास झालात!" माझा आवाज त्या डब्यात केवढा मोठा झाला. "मन्नारला पण नव्हता दिसला ना? तो खेकड्यावाला? मी येड्यासारखी पाय मोजत होते!"

त्यांनी टोपी काढली. केस चिकटलेले होते. मी कधी त्यांना टोपी काढल्यावर एवढ्या जवळून बघितलं नव्हतं, एकदम लहान दिसल्या. "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय," त्या बोलल्या, बँकेत गिऱ्हाइकाला सांगावं तशा सुरात. "उपाय नाही. आंधळी नाही होणार मी, कडेचं राहतं. मधे भोक पडतं. तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस. कान असतात तुझे."

"कधीपासून?"

"मन्नारला अर्धं होतं. तू सांगत होतीस म्हणून भरून निघायचं. तू पाय तोडला म्हणालीस की मला पाय दिसायचा गं. खोटं नव्हतं ते तसं."

"नियम काय आहे?"

त्यांनी टोपी हातात फिरवली.

"बोला ना. दुसऱ्याने बघितलेला?"

"मिहिरला नको सांगूस," त्या बोलल्या. "आल्यावर मीच सांगीन. त्याला कळलं की हे घर बंद, कांदिवलीला एक खोली, आणि आई हळू, आई जपून. एकदा जाऊन येऊ. तुलाही जायचंय ना?"

ते त्यांनी बोलायला नको होतं. कारण जायचं होतं. पलंगाखालची बॅग मला तिथून दिसत होती. नुसतं हो बोलायचं, सगळं जसं आहे तसं, मी सांगणार, त्या बोलणार दिसला, आणि शेकडो टिलव्यांत तो चमचा फक्त मला दिसणार. आणि मिठागरातले बांध. दोन पावलं मावतील एवढे, दोन्ही बाजूंना पाणी, नुवानने फोटो पाठवलेले, थायलंडमधल्या त्याच्या मित्राने काढलेले. मन्नारला त्या एकदा घसरल्या होत्या, मी दंड पकडला, त्या हसल्या होत्या, बूट गुळगुळीत झालेत. बूट नवीन होते. ते पण मला दिसलं होतं. मी बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण त्या हसल्या. कोणीतरी लिफ्ट वर बोलावली. आम्ही हललो.

"पण आजचा दिसला मला," काकू एकदम बोलल्या.

"बस ना आता काकू."

"अगं ऐक. दुर्बीण लावायच्या आधी. तू तीन म्हणालीस म्हणून मी तीनकडे बघितलं, आणि पलीकडे कडेला निळं पेटलं. मग ते खाली पडलं आणि त्यात पांढरं चमकलं, पंखात. हे तू सांगितलं नव्हतंस."

नव्हतं सांगितलं. मी तोंड मिटून उभी होते तेव्हा. खंड्या झेपावला तेव्हा पंखात पांढरा ठिपका उघडला होता, पापणी लवते तेवढाच, तो बसलेला असताना दिसतच नाही. मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. गळा शांत होता, सकाळसारखाच.

"मग तसंच का नाही बघत?" मी बोलले. "कडेने?"

"कसं? मान वाकडी करून? कोंबडीसारखी?" त्या चिडल्या. खऱ्या चिडल्या. "आख्खी नोकरी मी समोरच्याच्या डोळ्यांत बघून केली. माणूस खोटं बोलतोय का ते तिथे कळतं. आता कोणाशी बोलताना भिंतीकडे बघू? लोक काय म्हणतील, बाईचं डोकं फिरलं."

"सगळे पक्षी तसंच बघतात काकू. बगळा बघा ना. मासा इथे, चोच तिकडे."

"मी बगळा नाही."

दार उघडलं. शेजारचे श्यामसुंदरकाका पिशवी घेऊन उभे, "काय मग, किती पक्षी आज?" आणि काकू त्यांच्या अगदी डोळ्यांत बघत, जिथे त्यांच्यासाठी फक्त भोक होतं, हसून बोलल्या, "एक."

आत मिहिरदादा टेबलाशी उभा होता, प्रवासाच्या विम्याचे कागद घेऊन, एका हातात फोन. "आई, इथे सही कर. इथे, खाली." काकू खुर्चीत बसल्या. पेन घेतलं. कागदावर पेन टेकवायच्या आधी त्यांनी बोटाने कागदाची कड शोधली, आणि दादाने ते बघितलं. फोन खाली ठेवला. मग त्याने पेन हळूच त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्याकडे वळला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं.

"रेवती, खरं सांग. परवा आईने श्वेताला दारात ओळखलं नाही. स्वतःच्या सुनेला. आवाज आल्यावर बोलली. मला म्हणते चष्म्याचा नंबर वाढलाय. तू रोज असतेस. तुझ्या भरवशावर मी हिला परदेशात पाठवतोय. हिला दिसतं ना?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे माझ्याकडे तोंड करून होत्या, आणि मला आता माहीत होतं की तिथे मी नाहीये, माझे दोन कान आहेत फक्त, आणि मधे खड्डा. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. हो बोलले तर शनिवार. नाही बोलले तर कांदिवलीची खोली, आणि मी परत भिंतीवर. माझ्या डोक्यात रक्त चढायला लागलं, नेहमीसारखं, काहीतरी उचलून फेकावं असं, टेबलावर काचेचा पेपरवेट होता, बरोबर हाताशी. मी हात खिशात घातले. साला माझाच राग, माझंच तीन-नऊ. या वेळी चुकायचं नव्हतं.

"दादा, तुम्ही हलू नका," मी बोलले.

"काय?"

"हलू नका. तिथेच उभे राहा. काकू, ऐका. दादा घड्याळाचा मध्य आहे. तुमच्या समोर. तीन वाजता भिंतीवर कॅलेंडर आहे, लाल मोठं. तुम्ही दादाकडे नका बघू. तीनला बघा."

"रेवती," काकू बोलल्या. तो आवाज मी ऐकला नव्हता कधी, त्यात धमकी पण होती आणि विनवणी पण.

"तीनला बघा काकू. डोळे तिकडेच ठेवा. मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

दादा काहीतरी बोलायला गेला, मी त्याच्याकडे असं बघितलं की तो थांबला. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मला वाटलं उठतील, आत निघून जातील, मला घरातून हाकलतील. खूप वेळ त्या समोरच बघत राहिल्या, तिथेच, त्या भोकात. मग मान वळली. थोडी. अजून थोडी. कॅलेंडरवर जाऊन थांबली. डोळे इकडेतिकडे घसरत होते, परत दादाकडे धावत होते, सवयीने, आणि त्या त्यांना ओढून परत कॅलेंडरवर आणत होत्या, मला दिसत होतं, कपाळावर घाम आला होता. पंखा चालू होता तरी. मी श्वास सोडला नाही. दादाने पण नाही सोडला बहुतेक.

"अरे," काकू कॅलेंडरला बोलल्या. "मिहिर. दाढी?"

दादाचा हात गालावर गेला.

"हलू नकोस," त्या बोलल्या, घाईने, हाताने त्याला थोपवत, भिंतीवरची नजर न काढता. "हलू नकोस रे. थांब जरा. बाबांसारखी आलीय... हनुवटीला पांढरी."